चिखल कुणाच्या बापाचा?

दोस्तांनो, शिवडीच्या चिखलात रोहित उतरले की या शहरातल्या शहाण्यासुरत्या माणसांना कंठ फुटतो. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. मराठी पुस्तकात या पाखराचं नाव रोहित आहे. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादच्या विद्यापीठात आपल्या रोहितचा या व्यवस्थेनं जीव घेतला, तेव्हापासून हे नाव कानावर पडलं की माझी मूठ आपोआप वळते. आणि इथं मंडळी दुर्बिणी लावून ओरडतात, रोहित आले, रोहित आले! येऊ देत. यायलाच पाहिजेत. पण त्यांच्या नावानं जो नवा सोवळ्याचा धंदा या किनाऱ्यावर सुरू झालाय त्याविषयी आता कुणीतरी तोंड उघडलं पाहिजे. पक्षितज्ज्ञ उघडणार नाहीत. प्राध्यापक तर नाहीच नाही. म्हणून मी उघडतो. मी दहावी पास, धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याकडचा, मुंबईच्या गोदीत कंत्राटी हमाल. लोखंडाच्या कॉइलला साखळ्या अडकवतो आणि पाळी सुटली की कविता लिहितो.

आधी आपल्या लोकांचं मिटवू. चळवळीतलाच एक दोस्त मला म्हणाला, माणसं मरायलीत आणि तू पाखरं काय मोजत बसलास? हे बोलणं ऐकायला लई क्रांतिकारक वाटतं, पण ते बिनडोक आहे. पाखराचा प्रश्न हा जागेचा प्रश्न आहे, आणि या देशात जागेचा प्रश्न जातीला टाळून सुटलेला मला कुणी दाखवावा. महाडचं चवदार तळं आठवा. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, पाखरं पीत होती, आपल्याला बंदी होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथं ओंजळ भरली. पाखरांना हाकला असं ते म्हणाले नाहीत. ज्या पाण्यावर पाखराचा हक्क त्या पाण्यावर माणसाचाही, एवढंच ते हिशेबानं सांगत होते. आणि आपण पाणी प्यालो म्हणून त्या गावच्या सोवळ्यांनी पुढं काय केलं? शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं शुद्ध केलं. हा शुद्धीकरणाचा शब्द ध्यानात ठेवा. तो मला पुन्हा लागणार आहे.

आता चिखलाकडं या. गावाला जसं गावकूस असतं तसं मुंबईलाही आहे, आणि ते पूर्वेच्या अंगाला आहे. पश्चिमेला वाळू, हवा, मलबार हिल, सिनेमावाले. पूर्वेला गोदी, तेलाच्या टाक्या, दारूखान्याची जहाजतोडणी, माहूलच्या रिफायनऱ्या, देवनारचा कत्तलखाना, देवनारचा कचरा. शहराला जे जवळ नको ते सगळं पूर्वेला ढकललं. देवनारची कचराभूमी कधी सुरू झाली ठाऊक आहे? १९२७. तिकडं महाडला तळं पेटलं त्याच साली इकडं ठाण्याच्या खाडीकाठी शहराचा उकिरडा ठरला. हा योगायोग असेल. मला असे योगायोग फार दिसतात, त्याला माझा इलाज नाही.

आणि त्याच कुसाबाहेर, त्याच घाणीच्या शेजारी रोहित येऊन उतरले. १९९० नंतर ते हजारांनी दिसायला लागले, आता शिवडीपासून ऐरोलीपर्यंत खाडीभर लाखाच्या वर मोजले जातात. का येतात? शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की नाल्यांतून शहराचा मैला खाडीत येतो, त्या खतावर नील-हरित शेवाळ माजतं, आणि लहान रोहित तेच शेवाळ गाळून खातो. त्या शेवाळातलं द्रव्य अंगात भिनून त्याची पिसं गुलाबी होतात. पिलू जन्मतं तेव्हा राखाडीच असतं. म्हणजे ज्या गुलाबी रंगावर आमचे शहरी कवी गुलाबी कविता पाडतात, त्या रंगाच्या मुळाशी ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी आहे त्यांच्याही संडासाचं योगदान आहे. रोहितला विटाळ ठाऊक नाही. मला हे पाखरू आवडतं ते एवढ्याचसाठी.

सरकारनं ६ ऑगस्ट २०१५ ला ठाणे खाडीतलं १,६९० हेक्टर पाणी आणि तिवराचं रान रोहितसाठी अभयारण्य म्हणून जाहीर केलं. २०२२ मध्ये खाडीला रामसर यादीत जागा मिळाली, तिथं क्षेत्र ६,५२१ हेक्टर. चांगलं झालं. मी हे कुत्सितपणे म्हणत नाही, खरंच चांगलं झालं. पण अभयारण्य हा शब्द फोडून बघा. अभय असलेलं अरण्य. त्या अभयात कोण कोण बसतं? खाडीतली मासळी गेली म्हणून जाळं गुंडाळून ठेवलेला कोळी बसतो का? कचऱ्यातून काच-लोखंड वेचणारी गोवंडीची बाई बसते का?

गेल्या हिवाळ्यात मी एका रविवारी पाखरांच्या जागेची साफसफाई करायला गेलो. एका संस्थेनं बोलावलं होतं. नाव देत नाही, कारण नाव बदललं तरी चित्र तेच आहे. स्वयंसेवक म्हणून नोंद केली, रोहितचं चित्र छापलेला बनियन मिळाला, रबरी हातमोजे मिळाले, एक सामोसा मिळाला. साठेक मंडळी होती. बरीच भली होती, हेही सांगतो. कॉलेजातली पोरं मनापासून प्लॅस्टिक वेचत होती. मी गोदीतला, मला चिखलाचं भय नाही, मी गुडघ्याएवढा आत शिरलो आणि तिवराच्या मुळ्यांत अडकलेलं जाळं ओढायला लागलो. एक बाई काठावरून म्हणाल्या, "भैया, तुमची कचऱ्याची गाडी किती वाजता येणार?" मी म्हणालो, "म्याडम, मी तुमच्यासारखाच आलोय." त्या म्हणाल्या, "अरे सॉरी हं, बनियन दिसलाच नाही." बनियन होता. माझ्या अंगावर होता, वर रोहित होता, त्याच्यावर चिखल होता. तोच चिखल त्यांच्याही बनियनवर होता. त्यांना मात्र कुणी गाडीचं विचारलं नाही.

ते सोडा. मला असल्या गोष्टींचा घट्टा पडलाय. खरी गोष्ट पुढं आहे. दोन तासांत चाळीसेक गोण्या भरल्या. गोण्यांचा ढीग केला, ढिगापुढं फोटो झाला, प्रमाणपत्रं वाटली, मंडळी मोटारीत बसून गेली. गोण्या तिथंच. मग खऱ्या गाडीबरोबर कंत्राटी सफाईच्या दोन बाया आणि एक पोरगा आला. हातात मोजे नाहीत, पायात स्लीपर. त्यांनी त्या चाळीस गोण्या उचलून गाडीत भरल्या. मी हात लावला तेव्हा त्यातली एक जण हसली आणि म्हणाली, "भाऊ, तुमचं झालं ना आता, जावा की घरी." ती लातूरकडची निघाली. गोणी जाणार कुठं, तर देवनारला. देवनार कुठं, तर त्याच खाडीच्या काठाला. म्हणजे रविवारी खाडीतून काढलेला कचरा सोमवारी खाडीच्याच उशाला. आणि मधल्या भरतीनं शिवडीला नवा कचरा आणून ठेवलेला.

मला त्या रविवारच्या मंडळींचा राग यासाठी येत नाही की ते दोनच तास येतात. याव, दहा मिनिटं याव. राग याचा आहे की तेच काम एकानं केलं की सेवा होते आणि दुसरीनं केलं की जात होते. एकाला प्रमाणपत्र, दुसरीला अकरा महिन्यांचं कंत्राट. हातमोजे कुणाला मिळाले आणि कुणाला नाही, तेवढ्यावरून मी तुम्हाला तिथल्या प्रत्येकाची जात सांगितली असती. ही साफसफाई नाही, हे शुद्धीकरण आहे. घागर बदलली, गोमूत्राच्या जागी बनियन आला.

स्वयंसेवक हा शब्द या महाराष्ट्रात कुणाच्या तोंडी वाढला हेही विसरू नका. १९२५ पासून नागपुरात तो लाठी घेऊन फिरतोय. आपला शब्द वेगळा होता. समता सैनिक दल. फुकट राबणं आपल्याला नवीन नाही. पिढ्यान्पिढ्या गावकीची कामं फुकटच केली, आणि चळवळीसाठी केलेली कामंही फुकटच. पण एक होतं वेठ आणि दुसरा होता लढा. दर ६ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर चैत्यभूमीला लाखो माणसं येतात, माझ्या जिल्ह्यातून गाड्या भरून येतात, आणि आपली पोरं रात्रंदिवस पाणी वाटतात, रांगा लावतात, झाडू मारतात. त्या समुद्राकाठच्या सेवेचं प्रमाणपत्र कुणी दिलंय? ७ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या गच्चीवरून आवाज येतो तो एकच, की किती घाण केली या लोकांनी.

आता पाखराची जागा दुरुस्त करायची म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण इथं खरी चोरी लपलीय. मी गोदीतला आहे, भरती-ओहोटीचं मला कुणी शिकवायला नको. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा रोहित त्यावर चरतो. सैबेरियाकडून आलेले चिखले, तुतवार चरतात. भरतीला तो चिखल बुडतो. मग हे सगळे पाय टेकायला जातात कुठं? नवी मुंबईत, सीवूड्स-नेरूळच्या पाणथळीत. डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य, एनआरआय. तिथं उथळ पाणी, मोकळा काठ. म्हणजे पाखराचं घर दोन खोल्यांचं आहे, एक ओहोटीची आणि एक भरतीची. भरतीची खोली बुजवली तर ओहोटीच्या खोलीतला झाडू काय कामाचा?

आणि बुजवायचंच चाललंय. एनआरआयच्या पाणथळीवर गोल्फचं मैदान आणि इमारती बांधायचा घाट घातला होता. २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं तो अडवला, मग भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डीपीएस तलावाच्या समुद्राकडच्या वाटा बुजल्या, तलाव सुकला, २०२४ च्या उन्हाळ्यात तिथं रोहित मेले. तलाव कशानं मेला? वेफरच्या पुडक्यानं नव्हे. मोरीचं तोंड बंद झालं म्हणून. भरतीचं पाणी आत येणं आणि ओहोटीला बाहेर जाणं, ही पाखराच्या घराची नाडी. ती कोण दाबतं? पण मोरी उघडा म्हणायला रविवारी साठ माणसं येत नाहीत. मोरीच्या पलीकडं बिल्डर उभा असतो, आणि कधी कधी साफसफाईच्या बनियनवर मागच्या बाजूला बिल्डरचंच नाव छापलेलं असतं.

दुसरी चोरी झाडं लावण्याची. तिवराचं रान राखलंच पाहिजे. २००५ मध्ये उच्च न्यायालयानं तिवर तोडायला बंदी केली, २०१८ मध्ये तर तिवर तोडणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला असं सांगितलं. बरोबर आहे. पण दिसला चिखल की लाव तिवर, हे काम पाखराच्या मुळावर येतं. रोहितला उघडा चिखल लागतो. गाळ साचून तिवर आधीच चिखलावर पसरतंय, त्यात फोटोसाठी आणखी रोपं खोचली की चरायला जागा उरत नाही. पण उघडा चिखल यांच्या डोळ्यांना सलतो. रिकामा वाटतो, घाण वाटतो. झाकून टाका, हिरवा करा!

हे मला आमच्या गावाकडून ओळखीचं आहे. आमच्या मुलखात माळ आहे, दगड आणि कुसळी गवत. सरकारी कागदात त्याचं नाव पडीक. शेजारच्या सोलापूर-नगरकडं १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य केलं, ८,४९६ चौरस किलोमीटर. कागदावर एवढं मोठं की तालुकेच्या तालुके आत आले. नंतर छाटलं. आणि माळढोक? संपत आला. माळढोकला उघडं गवत लागतं, झाडी नको. पण माळ पडीक, म्हणून त्यावर झाडं लावा, कारखाने काढा, काहीही करा. चिखल घाण आणि माळ पडीक. ज्या जागेला सवर्णांच्या कागदात किंमत नाही तिथं आपण राहिलो आणि पाखरं राहिली. गावकुसाबाहेर आपले शेजारी तेच होते.

त्याच माळावर, गायरानात, माझ्या आत्यानं दगड वेचून दीड एकर तुकडा केला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, पुढं १९६४ ला देशभर केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, त्या मागणीच्या मुळ्या या दीड एकरात आहेत. २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांची सरकारी मोहीम निघाली तेव्हा आत्याच्या ज्वारीत खड्डे पाडायला माणसं आली. तिनं खड्ड्यात पाय सोडून बैठक मारली. म्हणाली, "लावा, मला बी लावा हितंच. पाणी कोण घालनार तेवढं सांगा." गेली माणसं. मग २०२२ मध्ये उच्च न्यायालयात गायरानाचा विषय निघाला, राज्यभरातली दोन लाखांवर अतिक्रमणं मोजली, नोटिसा सुटल्या. आत्याच्या दारावरही एक कागद. वर लिहिलेलं, अतिक्रमण. पाखरानं घर केलं तर अधिवास आणि आत्यानं केलं तर अतिक्रमण.

मुंबईतही हेच. रोहित कुठून येतात? बरेचसे गुजरातेतून, कच्छ-भावनगरकडून. १९९० नंतर आले. माझा बापही तेव्हाच आला. रोहितला कुणी १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा मागितला नाही. बापाला मागितला. पोर्टाच्या जमिनीवर राहतो म्हणून पुरावा असूनही पुनर्वसनाचा पत्ता नाही, ते आणि वेगळंच. माहूलचं बघा. पक्ष्यांच्या नकाशात शिवडी-माहूल ही महत्त्वाची जागा. माणसांच्या नकाशात माहूल म्हणजे तानसा जलवाहिनीवरच्या झोपड्या पाडून २०१७ पासून माणसं जिथं नेऊन कोंबली ती जागा. तिथली हवा आरोग्याला घातक आहे असं हरित लवादानं २०१५ मध्येच सांगितलं होतं. तरी नेलं.

२० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या पंतनगरावर विमानाला धडकून जवळजवळ चाळीस रोहित मेले. घरांच्या अंगणात पडले. देशभर बातमी झाली, शवविच्छेदन झालं, चौकशीची मागणी झाली. व्हायलाच पाहिजे होतं. त्या पंतनगराला लागूनच महामार्गाकडेला रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून रस्त्यावर आलेल्या माणसांवर राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसं मेली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्याला शिक्षा ठोठवायला २००९ उजाडलं. मी पाखरांची माणसांशी तुलना करत नाही. मी चौकशीच्या वेगांची तुलना करतोय.

आणि आता सगळ्यात ताजा डाव, नीट ऐका. धारावीच्या पुनर्विकासात जी माणसं 'अपात्र' ठरतील त्यांच्यासाठी २०२४ मध्ये मुलुंड-भांडुप-कांजूरची २५५ एकर मिठागरं देऊ केली. देवनारच्या उकिरड्याची १२४ एकर देऊ केली. मिठागर म्हणजे पाखरांची जागा आणि शहराच्या पाण्याची जागा. उद्या पक्षिप्रेमी म्हणतील, झोपडपट्टीवाल्यांमुळं पाखरं गेली. बिल्डर म्हणेल, गरिबांच्या घराला पाखरांवाले आडवे येतात. आणि धारावीतली मोक्याची जमीन मधल्या मधे मोकळी. आपल्याला उचलून खाडीत भराव म्हणून टाकायचं, आणि वर पाखराचा खूनही आपल्याच नावावर मांडायचा. शिवडीच्या चिखलावरून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू नेला, १२ जानेवारी २०२४ ला खुला केला. त्यावर मोटारसायकलही चालत नाही, मोटारीला एका वेळचे २५० रुपये. तेव्हा पाखरांना त्रास होईल म्हणून पूल थांबला का? पाखरू आडवं येतं ते गरिबाच्या झोपडीलाच.

म्हणून चळवळीच्या पोरांना मी म्हणतो, चिखलात उतरा. त्यांचा बनियन घालू नका. धारावीचा माणूस धारावीतच राहील आणि मिठागर पाखराकडंच राहील, या दोन मागण्या एका दमात म्हणा. गोण्या उचलणाऱ्या बायांना कायम नोकरी, बूट, मोजे आणि फोटोत पहिली रांग मागा. अभयारण्याला राखणदार लागतात, ते कोळीवाड्यातले आणि खाडीकाठच्या वस्तीतले पगारी पाहिजेत, हे मागा. ज्यांनी मोरी बुजवली त्यांच्या दारात जा.

काम सोपं आहे. खाडीकाठी राडारोड्याचे डंपर रात्री येतात, पाळीवरून परतताना मी रोज बघतो. उच्च न्यायालयाच्या हुकुमानं तिवराच्या रक्षणासाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती आहे, तिच्याकडं तक्रार जाते, पण तारीख, वेळ, जागा आणि गाडीचा नंबर लागतो. येत्या अमावास्येच्या उधाणाला शिवडी स्टेशनच्या पूर्वेला उतरा, रात्री अकरानंतर. चपला नकोत, बूट घाला, काच फार आहे. चौघं चौघं मिळून वाटा वाटून घेऊ. ज्यांच्याकडं फोटो निघेल असा फोन आहे त्यांनी चार्ज करून आणा, बाकीच्यांनी वही आणा.

जय भीम.